व्हायोलिनसाठी सोडलेला शब्द

गायन पार्टीत व्हायोलिनवाल्याची बसायची जागा ठरलेली असते. मध्ये गायक, त्याच्या उजवीकडे पेटी, पेटीमागे कोरस, पुढच्या कोपऱ्यात ढोलकी आणि गायकाच्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे व्हायोलिन. ह्या जागेवरून प्रेक्षक धड दिसत नाहीत. दिसतो तो गायकाचा डावा कान, फेट्याचा शेव आणि मानेवरची एक शीर. वरचा सूर येणार असेल तर ती शीर आधी फुगते. माझ्या धंद्यातलं निम्मं शिक्षण मी त्या एका शिरेकडे बघून घेतलं.

ती शीर धोंडीरामदादांची होती. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत जयंतीला, नामकरणाला, लग्नाला, नव्या घरात भिक्खूंनी केलेल्या परित्राणपाठानंतर दादांची पार्टी लागायची. ज्यांनी गायन पार्टी कधी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही ऑर्केस्ट्रा नव्हे आणि भजनी मंडळही नव्हे. बुद्ध-भीमगीतं गाणारी सात-आठ माणसं असतात. समोर बसलेल्या लोकांना अर्धी गाणी पाठ असतात आणि उरलेली अर्धी गायकाने स्वतः लिहिलेली असतात. लिहून काढलेले सूर आमच्याकडे नसतात. गाणं कानाने घ्यायचं आणि कानानेच पुढे द्यायचं.

मला ते माझ्या मामाने दिलं. अशोकमामा आधी त्याच पार्टीत व्हायोलिन वाजवायचा. दिवसा तो आनंदनगरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. त्या मशीनने त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. व्हायोलिनवर सूर डाव्या हाताच्या बोटांनी धरतात, त्यामुळे ते वाजवणं संपलं. पण पेटीला डावा हात फक्त भाता मारायला लागतो. दोन महिन्यांनी मामा पेटीवर बसला आणि भिंतीला टांगलेलं व्हायोलिन त्याने माझ्या मांडीवर ठेवलं. मी तेव्हा बारावीत होते.

"मी गातो, तू शोध," तो म्हणाला. एवढीच त्याची शिकवण्याची पद्धत. तो एक ओळ गायचा आणि मी ती तारेवर सापडेपर्यंत तो चहा प्यायचा. एका ओळीला कधी कधी तीन चहा व्हायचे. मामी म्हणायची, "पोरगी शिकेल तेव्हा शिकेल, साखर मात्र संपली."

पहिल्या कार्यक्रमाला मंडळाचा एक कार्यकर्ता दादांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पोरगी वाजवणार? नाही म्हणजे, लोक बोलतील."

"बोलू दे की," दादा म्हणाले. "ती वाजवेल तेव्हा गप बसतील."

मग माइकवर जाऊन त्यांनी जाहीर केलं, "आमच्या पार्टीतली व्हायोलिन कॉलेजात जाते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजेने मेल्यासारखं झालं, पण आज कळतं की त्या एका वाक्याने त्यांनी माझ्याभोवती भिंत बांधली. माझ्या परीक्षेच्या आठवड्यात दादा तारीख घ्यायचे नाहीत. मी पास झाले तेव्हा उल्हासनगरच्या एका नामकरणात, बाळाचं नाव जाहीर व्हायच्या आधी, "आमची व्हायोलिन बी.ए. झाली" हे जाहीर झालं. माझ्या घराण्यातली ती पहिली पदवी. तेव्हापासून माझं नावच 'बी.ए. व्हायोलिन' पडलं. माझं खरं नाव सुजाता आहे हे पार्टीतल्या ढोलकीवाल्या पप्पूला माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं.

गिऱ्हाइकं आम्हाला सगळ्या प्रकारची भेटली. उल्हासनगरला एका सिंधी घरात लग्नाआधीच्या कार्यक्रमाला त्यांना फक्त व्हायोलिन हवं होतं. मी सिनेमातली गाणी बसवून गेले. तिथल्या आजींनी दोन गाणी ऐकली आणि हाताने थांबवलं. "ये तो रेडियो में भी आता है. लाडा बजा, लाडा." लाडा म्हणजे त्यांची लग्नातली गाणी. मला एकही येत नव्हतं. मी म्हटलं, "दादी, आप गाओ, मैं ढूँढती हूँ." आजी गात गेल्या, मी शोधत गेले. मामाची पद्धत तिथे कामाला आली. तिसऱ्या गाण्याला सगळ्या बायका टाळ्या धरून नाचायला लागल्या आणि आजींनी माझ्या तोंडात एवढा मोठा मिठाईचा तुकडा कोंबला की पुढचं गाणं मी तोंड मिटून वाजवलं.

सव्वीस जुलैच्या पुरात आमच्या मांजर्लीच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. आई, मी आणि गॅसची शेगडी वरच्या मजल्यावर गेलो. केसमध्ये घालून खिळ्याला टांगलेलं व्हायोलिन खालीच राहिलं. पाणी उतरल्यावर केस उघडली तर आत व्हायोलिन नव्हतं, सुट्या फळ्या होत्या. पाठ वेगळी, पोट वेगळं, मान वेगळी. मी त्या फळ्या चादरीत बांधून उल्हासनगरला किशनचाचांकडे नेल्या. त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान दोन कापडाच्या दुकानांच्या मध्ये चेपून बसलेलं होतं.

मी रडत होते. चाचा एकेक फळी उजेडात धरून बघत होते. "रोती क्यों है? लकड़ी कहीं से फटी नहीं. सिर्फ जोड़ खुला है."

व्हायोलिन सरसाने जोडतात, पक्क्या गोंदाने नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ताण आला, ओल आली, की सांधा सुटला पाहिजे. सांधा पक्का केला तर लाकूड तडकतं आणि तडकलेलं लाकूड पहिल्यासारखं कधी बोलत नाही. चाचांना ते जोडून वाळवायला वेळ लागला. तोवर दादा प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे, "आमची बी.ए. व्हायोलिन दवाखान्यात ॲडमिट आहे, प्रकृती सुधारते आहे."

पण त्याच सुमाराला प्रकृती बिघडत होती ती दादांच्या आवाजाची.

इथे थोडं धंद्याचं सांगावं लागेल. प्रत्येक गायकाची एक पट्टी असते. म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुरापासून तो गाणं सुरू करतो ते. दादांची पट्टी होती काळी चार. पुरुषाच्या आवाजाला ती उंच आहे. त्या पट्टीत गाणाऱ्याला गाण्यातला सगळ्यात वरचा सूर घेताना छाती फाडावी लागते. दादा तो सूर उभ्या उभ्या, डोळे मिटून, हात वर करून घ्यायचे. कल्याणपासून कर्जतपर्यंत त्यांची ओळखच ती. "काळी चारवाले दादा." आणि त्यांचं एक वाक्य सगळ्यांना माहीत होतं: "ज्या दिवशी काळी चार सुटेल, त्या दिवसापासून हा फेटा डोक्यावर दिसणार नाही."

पावसाळ्यानंतर त्यांना खोकला लागला आणि तो हटेना. वरचा सूर घासायला लागला. एकदा तर अर्ध्यातच फुटला. लोकांनी सांभाळून घेतलं, कोरसने झाकलं. दादांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. पट्टी खाली घ्या म्हटलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी फेटा काढला असता आणि घरी बसले असते. आणि गाणं सोडून घरी बसलेले दादा फार दिवस राहिले नसते, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

उपाय मामाने काढला. त्याची पेटी स्केल चेंजर होती. ह्या पेटीत दोन्ही बाजूंच्या मुठी उचलून बोटांखालच्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बाजूला सरकवता येतात. बोटं काळी चारवरच ठेवायची, पण आतून सूर निघतो एक घर खालचा. दादा गाण्याआधी मामाची बोटं बघायचे. बोटं दिसायची बरोबर जागेवर.

"पेटी सरकेल रे," मी म्हटलं, "पण माझं व्हायोलिन?"

"खुंट्या कशाला दिल्यात? उतरव तारा."

"आणि ढोलकी?"

पप्पू म्हणाला, "माझ्या कड्या सैल करायला किती वेळ? पण दादांना समजलं ना, तर आपण सगळे कामातून गेलो."

आधी एक घर उतरवलं. दादांचा सूर थोडा मोकळा झाला. मग आणखी एक घर. काळी चार म्हणून सगळी पार्टी काळी तीनमध्ये वाजवत होती आणि दादा पुन्हा हात वर करून गात होते. गळ्याची शीर मऊ पडली होती. मला त्या दिवसांचा खूप अभिमान वाटतो. दोन घरं खाली उतरवलेल्या तारा सैल असतात, तारांवर फिरवायचा गज जरा जास्त दाबला की त्या घरघरतात. मी गज पिसासारखा धरायला शिकले.

दादा खूश होते. ते सगळ्यांना सांगत सुटले, "डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या बरं का. आवाज कसा परत आला बघा." आणि त्या खुशीत त्यांनी आम्हाला न विचारता दुरंगी सामना घेतला.

सामना म्हणजे दोन पार्ट्या एकाच स्टेजवर समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातून उत्तर द्यायचं. अंबरनाथ पूर्वेच्या एका मैदानात जयंतीच्या आठवड्यात तो ठरला. समोर होत्या छायाताई, कल्याणकडच्या, दादांपेक्षा वीस एक वर्षांनी लहान, आवाज घंटेसारखा. दहाला स्पीकर बंद करायचा नियम होता म्हणून सूर्य मावळायच्या आतच सुरुवात झाली. मैदान भरलं होतं. आमच्या आळीतले सगळे होते. दादांच्या बायको पार्वतीकाकू पहिल्या ओळीत पांढरं पातळ नेसून बसल्या होत्या.

छायाताईंनी माइक घेतला. आधी सगळ्यांना जयभीम घातला, मग दादांच्या पाया पडल्या. "सामना नंतर होईल," त्या म्हणाल्या. "पहिलं गाणं मी दादांबरोबर म्हणणार. त्यांचं आईचं गाणं. ते ऐकत मी मोठी झाले. आणि पट्टी त्यांचीच. काळी चार, सगळ्या जगाला माहीत आहे." त्यांनी आपल्या पेटीवाल्याकडे बघून मान हलवली. बायकांच्या गळ्याला ती पट्टी सोयीचीच असते.

त्यांच्या पेटीतून खरी काळी चार निघाली.

मी मामाकडे बघितलं. त्याची बोटं पट्ट्यांपर्यंत गेली आणि हवेतच थांबली. बोटं काळी चारवर ठेवली असती तर दोन घरांचं भांडण साऱ्या मैदानाने ऐकलं असतं, दोन घरं वर नेली असती तर ती दादांना दिसली असती आणि गाणं चालू असताना मुठी उचलून सरकवता येत नाही, मोठा खडखडाट होतो. पप्पूने ढोलकीची फक्त जाड बाजू धरली. तिथे धूम तेवढी वाजते, सूर कळत नाही. आमच्या पार्टीत त्या क्षणी गाण्याला सामील होऊ शकणारं एकच वाद्य उरलं होतं. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट जिथे दाबाल तिथे सूर. तारा उतरलेल्या असल्या तरी बोट दोन घरं वर सरकवलं की झालं. मी सरकवलं.

दादांनी पहिली ओळ उचलली. नेहमीपेक्षा जड लागतंय हे त्यांना कळलं. मान किंचित हलली. गाणं साधं होतं. ज्या आईला शाळेत बसू दिलं नाही, ती पोराला घेऊन शाळेत येते, अशी हकिकत. त्यातल्या एका कडव्याची शेवटची ओळ,

"दारात शाळेच्या उभी होती माझी माय"

आणि सगळ्यात वरचा सूर 'माय' ह्या शब्दावर. तोच, हात वर करून घ्यायचा.

मामाने मला एकच नियम शिकवला होता: साथ करणाऱ्याने गायकाच्या पुढे जायचं नाही. त्याचा सूर आधी, आपला नंतर, सावलीसारखा. मी तो कधीच मोडला नव्हता. 'उभी होती माझी' इथवर दादा आले. हात वर गेला. मानेवरची शीर फुगली, इतकी की मला ती आजवर तशी दिसली नव्हती. आणि मला कळलं की हा सूर येणार नाही, फुटणार.

मी पुढे गेले. दादांचं तोंड उघडायच्या आत मी तो सूर घेतला. पिसासारखा नाही, अख्ख्या गजाने, दाबून. तारेने घरघरायचं ते घरघरून घेतलं आणि मग सूर मोकळा झाला. दादांनी तोंड मिटलं. वर गेलेला हात तसाच माझ्याकडे वळला, जणू आधीपासून ठरलेलंच होतं. छायाताईंना तो सूर सहज घेता आला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं आणि माइक तोंडापासून खाली घेतला. 'माय' हा शब्द कुणीच म्हटला नाही. तो फक्त वाजला.

 मग ज्या शिट्ट्या आणि टाळ्या पडल्या त्या मला अजून ऐकू येतात. पार्वतीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला होता. त्यांना आवाजाचं सगळं माहीत होतं असा मला आजही संशय आहे.

मध्यंतरात स्टेजमागे चहा आला. दादांनी घेतला नाही. ते सरळ मामाच्या पेटीपाशी गेले आणि वाकून पट्ट्यांकडे बघत राहिले.

"किती घरं?" त्यांनी विचारलं.

"दोन," मामा म्हणाला.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि हिच्या तारा?"

"त्या पण," मी म्हटलं.

पप्पू मागून म्हणाला, "ढोलकी पण, दादा. खोटं कशाला बोलू."

"वा रे वा. म्हणजे अख्ख्या वरातीला ठाऊक, फक्त नवरदेवाला पत्ता नाही." ते खुर्चीवर बसले.  मग हळूच म्हणाले, "आणि मी त्या डॉक्टरला पेढे देऊन आलो."

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "दादा, सांगितलं असतं तर तुम्ही फेटा काढला असता."

"काढला असता. माझा फेटा आहे." मग माझ्याकडे वळून, "तू पुढे का गेलीस?"

"तुमची शीर दिसली."

त्यांनी मानेवर हात फिरवला, जणू तिथे असं काही असतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मला किशनचाचांच्या हातातली ती फळी आठवली. ते दादांना सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. मोठ्या माणसाला त्याच्याच तोंडावर लाकडाची उपमा कशी द्यायची?

मध्यंतर संपलं. दादा स्टेजवर गेले, माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी निळा फेटा डोक्यावरून उचलला. मैदानात एकदम कुजबुज झाली. मामाने डोळे मिटून घेतले. दादांनी फेटा पेटीवर ठेवला आणि टक्कल पुसलं.

"मंडळी, मी म्हणायचो, काळी चार सुटली की हा फेटा दिसणार नाही. सुटली. फेटा गेला. दिलेला शब्द पाळला." ते थांबले. "गाणं सोडीन असं मी कुठे म्हणालो होतो? अशोक, काळी तीन दे. आणि बोटंही काळी तीनवरच ठेव, मला दिसू दे."

पुढचा तासभर ते जे गायले ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. खालच्या पट्टीत त्यांना शब्दांसाठी श्वास उरत होता. छायाताईंनी टाकलेल्या प्रत्येक सवालाला त्यांनी असं उत्तर दिलं की शेवटी छायाताईच त्यांच्या कोरसमध्ये जाऊन बसल्या. कोण जिंकलं हे मंडळाने जाहीर केलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटी लोकांनी आईचं गाणं परत मागितलं. आता पट्टी त्यांची होती, सूर हाताशी होता, गळा मोकळा होता. 'उभी होती माझी' इथवर ते आले. मी नियमाप्रमाणे मागे थांबले. दादा पण थांबले. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली: घे.

त्यानंतर दादा कितीतरी वर्षं बोडक्या डोक्याने गात राहिले आणि त्या गाण्यात तो शब्द त्यांनी पुन्हा कधी स्वतः म्हटला नाही. लोक त्या ओळीला दादांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. दादा गेले, पार्टी विखुरली, मामाने पेटी बंद केली. मी शाळेत नोकरीला लागले आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या पार्ट्यांना साथ करत राहिले. बी.ए.चा उपयोग मला नोकरीत झाला, पण ती पदवी माझ्या नावामागे लावली दादांनी, हे मी विसरत नाही.

मागच्या वर्षी बदलापूरला एका लग्नात जेवायला बसले होते. भर दुपारची वेळ, स्टेजवर नवी पोरं, एक कीबोर्ड, एक ढोलकी, व्हायोलिन नाही. गायक पंचविशीचा. त्याने आईचं गाणं काढलं. 'उभी होती माझी' म्हटलं आणि थांबला. कीबोर्डवाला थांबला, ढोलकी थांबली. अख्खा हॉल एका शब्दापुरता गप्प राहिला आणि मग गाणं पुढे सुरू झालं.

तो जेवायला आला तेव्हा मी त्याला शेजारी बसवलं. "तिथे शब्द का सोडलास?"

"ताई, तिथे शब्द नाहीच आहे," तो म्हणाला. "तिथे थांबायचं असतं. सगळे तसंच गातात."

"का थांबायचं?"

"आमचे सर म्हणायचे, तिथे काहीतरी असायचं. काय ते त्यांना पण माहीत नव्हतं. पण जागा ठेवायची."

मी पानातली जिलेबी सावकाश संपवली. मग म्हटलं, "पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा मला बोलव. तिथे काय असायचं ते वाजवून दाखवते."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसला. "चालेल की. पट्टी कुठली लावाल?"

"तुझी," मी म्हटलं. "पण खरी सांग."